गर्दी दारात, डबा मोकळा: युरोपातल्या निवांत गावांचं गणित

जुलै २०२४ मध्ये बार्सिलोनात मोर्चेकऱ्यांनी रेस्टॉरंटबाहेर जेवत बसलेल्या पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या मारल्या. त्याच वर्षी एप्रिलपासून व्हेनिसनं ठरावीक दिवशी नुसतं फिरायला येणाऱ्यांकडून पाच युरो घ्यायला सुरुवात केली. ऑस्ट्रियातल्या हालश्टाट गावाची वस्ती जेमतेम सात-साडेसातशे आहे आणि उन्हाळ्यात तिथे एका दिवसात दहा हजारांपर्यंत माणसं येतात. ऑगस्ट २०२३ मध्ये तिथल्या लोकांनी गावाकडे येणारा बोगदाच काही वेळ अडवून धरला.

अशा बातम्या वाचल्या की युरोपची सहल काढावी की नाही, असा प्रश्न पडतो. पैसे साठवायचे, व्हिसासाठी रांग लावायची, आणि तिथे जाऊन दुसऱ्यांच्या सेल्फी स्टिकमागून तळं बघायचं! पण याच युरोपातून अगदी उलट बातमीही येते. मार्च २०१९ मध्ये स्पेनच्या खेड्यापाड्यांतले हजारो लोक माद्रिदमध्ये मोर्चा घेऊन गेले होते. आमच्याकडे कोणी राहतच नाही, शाळा आणि रेल्वे बंद पडत चालल्यात, आमच्याकडे लक्ष द्या, ही त्यांची तक्रार. सिसिलीतल्या काही गावांनी तर पडकी घरं एक युरोला विकायला काढली.

## गर्दी आणि ओसाडी एकाच वेळी कशी?

मुंबईच्या लोकलने प्रवास केलेल्या कोणालाही हे सांगावं लागणार नाही. दारात माणसं लोंबकळत असतात आणि आत दोन सीटच्या मधल्या जागेत उभं राहून पेपर वाचता येतो. सगळ्यांना लवकर उतरायचं असतं, म्हणून सगळे दारातच. युरोपच्या पर्यटनाचंही तेच झालंय. विमानतळ, क्रूझचं बंदर, टूर बसचा ठरलेला रस्ता आणि फोनवर सतत दिसणारे मोजके फोटो, एवढ्यातच सगळी माणसं दाटलेली असतात.

यासाठी बातम्यांत ‘ओव्हरटूरिझम’ हा शब्द येतो. एखादी जागा जेवढी माणसं पेलू शकते त्याहून जास्त पर्यटक येणं, आणि त्यामुळे तिथे राहणाऱ्यांचं जगणं अवघड होणं, असा त्याचा साधा अर्थ. घरं पर्यटकांना भाड्यानं दिली जातात, भाडी वाढतात, किराणा दुकानाच्या जागी फ्रिज मॅग्नेटचं दुकान येतं, आणि गावकरी निघून जातात. व्हेनिसच्या जुन्या शहरात १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला पावणेदोन लाखांच्या आसपास लोक राहत होते. २०२२ मध्ये हा आकडा पन्नास हजारांच्या खाली गेला.

दुसऱ्या बाजूला डोंगरातली, रेल्वेच्या फाट्यावरची, शेतीवर जगणारी गावं आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथली तरुण मंडळी कारखान्यांकडे, शहरांकडे गेली ती परतली नाहीत. इटलीत सुमारे ७,९०० स्थानिक पालिका आहेत आणि त्यांतल्या साधारण साडेपाच हजार पालिकांची लोकसंख्या पाच हजारांच्या आत आहे. यांतल्या बहुतेक गावांचं नाव आपल्या कुठल्याच टूर कंपनीच्या माहितीपत्रकात दिसणार नाही.

व्हेनिसच्या त्या पाच युरोंच्या नियमात एक बारीक मेख आहे. शहरात रात्री मुक्काम करणाऱ्याला तो प्रवेशकर द्यावा लागत नाही. हॉटेलच्या बिलात जो मुक्कामाचा कर लागतो तेवढाच. म्हणजे पालिकेच्या लेखी डोकेदुखी आहे ती सकाळी दहाला येऊन पाचला जाणाऱ्यांची. निवांत सुट्टी हवी असेल, तर हा नियम उलट्या बाजूनं वाचायचा. रात्री थांबा, आणि शक्यतो जिथे बाकीचे फक्त दिवसा येतात किंवा येतच नाहीत, तिथे थांबा.

## लहान म्हणजे शांत असं नव्हे

‘युरोपातली दहा गुपित गावं’ अशा याद्यांचा इथे घोळ होतो. हालश्टाट लहानच आहे. रोमच्या उत्तरेला चिविता दी बान्योरेजो नावाचं गाव आहे. ठिसूळ डोंगरावर वसलेलं, कडे ढासळत चाललेले, आत जायला फक्त एक पादचारी पूल. कायमचे रहिवासी डझनभर. इटलीत त्याला ‘मरणारं गाव’ म्हणतात. २०१३ पासून तिथे पुलावर तिकीट लावलं, तरी वर्षाला लाखो लोक येतात. याहून लहान गाव कुठलं शोधणार? पण दुपारी बाराला तिथे शांतता मिळणार नाही.

पदव्यांचंही तसंच. फ्रान्समध्ये ‘सर्वांत सुंदर खेड्यां’ची एक संघटना १९८२ पासून आहे. वस्ती दोन हजारांच्या आत हवी आणि निदान दोन संरक्षित वास्तू किंवा स्थळं हवीत, या तिच्या अटी. यादी उत्तम आहे, गावं खरोखर देखणी आहेत. पण पाटी लागली की बसगाड्याही लागतात. त्यापेक्षा इटलीत १९९९ मध्ये सुरू झालेल्या ‘चित्तास्लो’ चळवळीची यादी मला जास्त उपयोगी वाटते. पन्नास हजारांहून कमी वस्तीची गावं तिचे सदस्य होऊ शकतात, आणि तिथे देखणेपणापेक्षा राहणीमान बघतात: स्थानिक अन्न, मोकळ्या जागा, कमी वाहनं, कारागीर टिकले आहेत का. गोगलगाय हे तिचं चिन्ह. कुठल्या गावात गेल्यावर वेशीवर गोगलगायीची पाटी दिसली, तर इथे घाई करणारा वेडा ठरेल एवढं समजावं.

## मग गाव ओळखायचं कसं?

नकाशा उघडा आणि फोटोंकडे थोडा वेळ दुर्लक्ष करा. गावात शाळा आहे का? बेकरी, औषधांचं दुकान, एखादं सुपरमार्केट? शाळा आणि औषधांचं दुकान असेल तर गाव जिवंत आहे, पर्यटक नसतानाही तिथे कोणीतरी राहतं. नुसती गिफ्टची दुकानं आणि पार्किंगचे तीन तळ दिसले, तर सोडून द्या.

मग वाहतूक बघा. मुख्य मार्गावरून एक गाडी बदलून पोहोचता येईल असं स्टेशन सगळ्यांत चांगलं. एक गाडी बदलावी लागते म्हणून टूर बसवाले आणि घाईतले लोक गळतात. आणि स्टेशन आहे म्हणून गाडी भाड्यानं घ्यावी लागत नाही. संध्याकाळची शेवटची बस किती वाजता आहे हेही बघून ठेवा. ती साडेसहाला असेल, तर सातनंतर गाव तुमचंच. पण कुठे बाहेर गेलात तर सातच्या आत घरात, हेही आलंच.

तिसरी गोष्ट फारसं कोणी सांगत नाही. मुक्कामाच्या कराबदल्यात गाव काय देतं? जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमधल्या पुष्कळ गावांत रात्रीमागे एक-दोन किंवा थोडे जास्त युरो घेतले जातात आणि त्याबदल्यात पाहुणा-कार्ड मिळतं. कधी त्यावर पोहण्याच्या तलावात सवलत असते, कधी संग्रहालयात. आणि कधी कधी आख्खी रेल्वे फुकट असते.

## एक गाव जवळून: गेंगेनबाख

जर्मनीच्या नैर्ऋत्येला श्वार्झवाल्ड, म्हणजे आपण ज्याला ब्लॅक फॉरेस्ट म्हणतो, तो डोंगराळ भाग आहे. आपल्याकडच्या टूर तिथे तितिझेच्या तळ्यावर थांबतात, कुकू क्लॉक विकत घेतात, केक खातात आणि दोन तासांत पुढे निघतात. त्याच भागात किंत्सिग नदीच्या काठी गेंगेनबाख आहे. वस्ती अकरा हजारांच्या आसपास. जुन्या वेशी शाबूत, लाकडी चौकटींत भिंती भरलेली घरं, मधोमध बाजारचौक, आणि पाठीमागच्या उतारांवर द्राक्षाचे मळे.

मुंबईहून फ्रँकफर्टला थेट विमान आहे. विमानतळाच्याच स्टेशनावरून दक्षिणेकडे जाणाऱ्या वेगवान गाडीनं दीड-दोन तासांत ऑफेनबुर्ग. तिथे गाडी बदलली की दहा-बारा मिनिटांत गेंगेनबाख. स्टेशनातून जुन्या गावात बॅग ओढत चालत जाता येतं. मात्र आतल्या गल्ल्या दगडी फरसबंदीच्या आहेत आणि बारीक चाकांच्या बॅगेचा खडखडाट गल्लीभर ऐकू जातो.

इथे आणि श्वार्झवाल्डमधल्या शंभराहून जास्त गावांत मुक्काम केला की कोनुस नावाचं पाहुणा-कार्ड मिळतं. मुक्काम संपेपर्यंत या सगळ्या भागातल्या बस आणि साध्या रेल्वेगाड्या त्यावर फुकट. वेगवान आयसीई गाड्यांना ते चालत नाही, एवढं लक्षात ठेवायचं. म्हणजे फ्रायबुर्ग शहर बघायचंय? कार्ड दाखवा. ट्रिबेर्गचा धबधबा? कार्ड दाखवा. तीच रेल्वे पुढे डोंगर चढते. हा मार्ग १८६३ ते १८७३ या दहा वर्षांत रोबेर्ट गेर्विग या इंजिनिअरनं बांधला. चढ फार तीव्र होऊ नये म्हणून त्यानं रूळ मोठाल्या वळशांनी फिरवले आणि तीन डझनांहून जास्त बोगदे खोदले. डावीकडे बघितलेलं तेच घर थोड्या वेळानं उजवीकडे, आणि बरंच खाली दिसतं.

वाटेत गुटाखला जुन्या शेतघरांचं खुलं संग्रहालय आहे. त्यातलं मुख्य घर १६१२ सालचं आणि मुळापासून त्याच जागी उभं आहे. एकाच अवाढव्य उतरत्या छपराखाली माणसं, गुरं आणि वर गवताची गंजी. थंडीत गुरांची ऊब घराला मिळायची, आणि बर्फ पडला तरी वैरण काढायला बाहेर जावं लागायचं नाही. गोठा आणि माजघर लागून असलेली घरं ज्यांनी लहानपणी बघितली आहेत, त्यांना इथे गाईड लागणार नाही. फक्त स्वयंपाकघराच्या काळ्याभोर छताकडे बघायला विसरू नका. धुराडंच नसायचं, धूर वर जायचा आणि तिथे मांस टांगून धुरी द्यायचे.

डिसेंबरमध्ये गेंगेनबाखचं टाऊन हॉल ख्रिसमसपर्यंतचे दिवस मोजतं. इमारतीच्या चोवीस खिडक्या, रोज संध्याकाळी एक उघडते आणि आत चित्र दिसतं. सुरेखच असतं ते, पण त्या महिन्यात गर्दी असते. निवांतपणासाठी जायचं तर हा महिना सोडा.

## अख्खं गावच हॉटेल

इटलीत ओस पडलेल्या गावांसाठी एक निराळी युक्ती निघाली, तिला ‘अल्बेर्गो दिफ्फूझो’ म्हणतात. विखुरलेलं हॉटेल. नवी इमारत बांधायचीच नाही. रिकाम्या पडलेल्या घरांतल्या खोल्या दुरुस्त करायच्या, रिसेप्शन एका घरात, न्याहारी दुसऱ्या गल्लीत, तुमची खोली चर्चच्या मागे. १९७६ मध्ये ईशान्य इटलीत मोठा भूकंप झाला. त्यानंतर दुरुस्त केलेली पण रिकामी राहिलेली घरं वापरात कशी आणायची, या विचारातून जानकार्लो दाल्लारा यांनी ही कल्पना मांडली, आणि १९९८ मध्ये सार्डिनियानं तिला कायद्यात जागा दिली.

याचं गाजलेलं उदाहरण अब्रुत्सो प्रांतातलं सांतो स्तेफानो दी सेसान्यो. समुद्रसपाटीपासून १,२५० मीटरवर, कायम राहणारे शंभराच्या आसपास. एकेकाळी मेंढ्यांच्या लोकरीवर इथे पैसा आला होता. फ्लोरेन्सच्या मेदिची घराण्याची सत्ता होती. मेंढपाळी संपली, गाव रिकामं झालं. दानिएले किलग्रेन या उद्योजकानं इथली घरं घेऊन सेक्सतान्तिओ नावाचं असं विखुरलेलं हॉटेल उभं केलं. भिंतींवरची चुलीची काजळीसुद्धा त्यानं तशीच राहू दिली. २००९ च्या भूकंपात गावाचा गोल बुरूज कोसळला. तो पुन्हा बांधलाय.

इथली मसूर प्रसिद्ध आहे. हजार मीटरच्या वरच्या चुनखडीच्या जमिनीत पिकणारी, आपल्या मसुरीपेक्षा कितीतरी बारीक, गडद तपकिरी. लसूण, तमालपत्र, ऑलिव्ह तेल आणि मीठ एवढ्यावर तिचं सूप होतं. भिजवावी लागत नाही. फोडणी नाही म्हणून नाक मुरडू नका, चव मसुरीचीच असते.

अडचणही सांगायला हवी. इथे रेल्वे नाही. रोमहून लाक्विलापर्यंत बस मिळते, तिथून पुढच्या बस मोजक्या. गाडी भाड्यानं घेतली तर बरं पडतं, आणि त्यासाठी आपल्या लायसन्सबरोबर आरटीओतून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. शिवाय इटलीतल्या पुष्कळ जुन्या गावांच्या आणि शहरांच्या गाभ्यात बाहेरच्या गाड्यांना बंदी असते. तिथे पोलीस थांबवत नाही, कॅमेरा नंबर टिपतो, आणि दंडाची चिठ्ठी तुम्ही घरी येऊन बॅगा रिकाम्या केल्यावर महिन्यांनी येते. ‘झेड टी एल’ या तीन अक्षरांची लाल वर्तुळाची पाटी दिसली की गाडी बाहेरच लावायची.

## प्रसिद्ध नावाच्या पुढचा थांबा

नवीन देश शोधायची गरज नसते. कित्येकदा सगळे जिथे उतरतात त्याच्या पुढे अर्धा तास गेलं तरी पुरतं. स्लोव्हेनियात सगळे ब्लेडच्या तळ्यावर जातात, बेटावरच्या चर्चचा फोटो काढतात. तिथून २६ किलोमीटरवर बोहिन्य आहे, देशातलं सर्वांत मोठं कायमचं नैसर्गिक तळं, त्रिग्लाव राष्ट्रीय उद्यानाच्या आत. बेट नाही, किल्ला नाही, म्हणून फोटो तितके फिरत नाहीत. काठाशी स्तारा फुझिना नावाचं गाव आहे. सप्टेंबरमध्ये डोंगरावरच्या कुरणांतून गाई खाली उतरतात तेव्हा बोहिन्यला त्यांचा उत्सव असतो. गाईंच्या गळ्यात घंटा, डोक्यावर फुलं. पोळा संपून महिनाही झालेला नसतो, त्यामुळे मराठी माणसाला फार काही समजावून सांगावं लागत नाही. ऑगस्टमध्ये मात्र बोहिन्यलाही गाड्यांची रांग लागते.

इथली रेल्वे १९०६ सालची आहे. बोहिन्यच्या डोंगराखालून सहा किलोमीटरहून लांब बोगद्यातून ती पलीकडे सोचा नदीच्या खोऱ्यात उतरते आणि सोल्कानला ८५ मीटर रुंदीच्या एकाच दगडी कमानीवरून नदी ओलांडते. दगडी कमानीचा एवढा मोठा रेल्वे पूल जगात दुसरा नाही.

स्वित्झर्लंडमध्ये इंटरलाकेनऐवजी एंगाडीनच्या खोऱ्यातलं ग्वार्दा घ्या. स्टेशन खाली, गाव वर, मधे पिवळी पोस्ट बस. घरांच्या भिंतींवर चुन्याचा थर खरवडून काढलेली नक्षी आहे, आणि लोक रोमान्श बोलतात, जी त्या देशाची चौथी राष्ट्रभाषा. स्पेनमध्ये तेरुएलजवळ आल्बारासिन. लालसर गुलाबी मातीच्या भिंतींचं, हजारभर वस्तीचं. सुंदर, पण बस अगदी थोड्या. गाडी नसेल तर विचार करूनच जा.

## “एवढा खर्च करून एकच गाव?”

हा आक्षेप घरातूनच येतो, आणि तो चुकीचा नाही. पहिल्यांदाच जाताय, पुन्हा कधी जाणं होईल माहीत नाही, आणि आयफेल टॉवर बघायचाच आहे, तर बघा. त्यात कमीपणा काही नाही. पण दहा दिवसांत सहा देश केले की त्यातले निदान चार दिवस बसमध्ये आणि हॉटेलच्या लॉबीत चावीची वाट बघण्यात जातात, हेही हिशोबात धरा. मधला मार्ग असा की सुरुवातीला किंवा शेवटी दोन-तीन रात्री मोठ्या शहरात आणि सलग पाच-सहा रात्री एका गावात.

पैशाचं बघाल तर सलग मुक्कामाचा फायदाच असतो. सुट्टीसाठी भाड्यानं मिळणाऱ्या घरांत शेवटच्या साफसफाईचे पैसे एकदाच लागतात. दोन रात्री राहा की सात. म्हणून कित्येक घरमालक तीन-चार रात्रींपेक्षा कमी घ्यायला तयारच नसतात. घरात स्वयंपाकघर असतं. रोजचं रेल्वेचं भाडं वाचतं. स्वस्त पडेल असं मी म्हणणार नाही, युरोप स्वस्त नाहीच. पण तेवढ्याच पैशांत दमणूक कमी होते.

आणि दिवसभर करायचं काय? आठवड्याचा बाजार, पायवाटा, शेजारच्या गावापर्यंत रेल्वे, दुपारी झोप. ज्याला दुपारच्या झोपेचा अपराधी भाव येतो, त्यानं खरंच सहा देश करावेत.

## व्हिसा कुठल्या देशाचा?

शेंगेन हा २९ देशांचा गट आहे. एका व्हिसावर सगळीकडे फिरता येतं. ब्रिटन आणि आयर्लंड त्यात नाहीत. अर्ज त्या देशाकडे करायचा जिथे तुमच्या सर्वांत जास्त रात्री आहेत; रात्री सारख्याच असतील तर जिथे आधी उतरणार त्या देशाकडे. म्हणजे गेंगेनबाखला सहा रात्री आणि पॅरिसला दोन, तर अर्ज जर्मनीकडे. एका गावातल्या सलग मुक्कामानं हे कागदपत्र फार सुटसुटीत होतं. सहा हॉटेलांची सहा बुकिंग जुळवत बसावं लागत नाही.

प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी ४५. अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचा सेवाआकार वेगळा. निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. छोट्या घरगुती मुक्कामांची पावती कधी कधी एकाच माणसाच्या नावे येते. बरोबरच्या सगळ्यांची नावं त्यावर लिहून मागा. आधीच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा नियमानं वापरले असतील, तर एप्रिल २०२४ पासून भारतात राहणाऱ्या भारतीयांना दोन वर्षांचा, अनेकदा ये-जा करता येणारा व्हिसा मिळू शकतो. तरी कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसांची मर्यादा असतेच. ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर शिक्क्याऐवजी फोटो आणि बोटांचे ठसे घ्यायला सुरुवात झाली आहे, त्यामुळे दिवसांचा हिशोब आता संगणकच ठेवतो.

## शाकाहारी माणसानं खायचं काय?

मोठ्या शहरात भारतीय हॉटेल सापडतं, गावात नाही. पण उपाशी राहायची वेळ येत नाही, फक्त वेळ पाळावी लागते. इटलीत आणि जर्मनीतल्या गावांत दुपारचं स्वयंपाकघर साधारण बारा ते दोन चालू असतं आणि मग थेट संध्याकाळी. साडेतीनला भूक लागली तर केक आणि कॉफी. स्पेनमध्ये उलट, रात्री नऊच्या आधी कोणी जेवत नाही.

जर्मनीच्या त्या भागात चीज घातलेल्या श्पेत्स्लं मागा. त्या मऊसर शेवयांत अंडं असतं, हे अंडं न खाणाऱ्यांनी लक्षात घ्यावं. इटलीच्या लिगुरिया किनाऱ्यावर फारिनाता मिळतो. बेसन, पाणी, मीठ आणि ऑलिव्ह तेल, मोठ्या तांब्याच्या परातीत ओतून लाकडाच्या भट्टीत भाजलेलं. आपलं बेसनाचं धिरडंच ते, हळद-तिखट विसरलेलं. स्लोव्हेनियात बकव्हीटचे, म्हणजे कुट्टूचे, पदार्थ चांगले असतात, पण त्यावर डुकराच्या चरबीचे तुकडे पेरायची पद्धत आहे, म्हणून आधी विचारा. नुसतं ‘मी शाकाहारी’ सांगून भागत नाही. मांस नको, मासे नको, मांसाचा रस्सा नको, असं त्यांच्या भाषेत लिहिलेली चिठ्ठी फोनमध्ये ठेवा. सूप भाज्यांचं असलं तरी पाणी हाडांचं असू शकतं.

जर्मनीत रविवारी दुकानं बंद. दूध, भाजी, पाव शनिवारी संध्याकाळीच आणून ठेवायचा. बेकरी तेवढी रविवारी सकाळी काही तास उघडी असते.

## आई-बाबांना झेपेल का?

झेपेल, पण घर निवडताना चौकशी करा. जुन्या घरांना लिफ्ट नसते आणि ‘पहिला मजला’ म्हणजे एक जिना चढून. पायऱ्याही अरुंद, उंच. तळमजल्याची खोली आहे का हे पत्र लिहून विचारलं की मालक बहुतेक वेळा सरळ सांगतात. डोंगरावरची इटालियन गावं गुडघ्यांना जड जातात. नदीकाठची जर्मन किंवा ऑस्ट्रियन गावं सपाट असतात. ॲपवर टॅक्सी मिळेलच असं नाही, घरमालकाकडून गावातल्या टॅक्सीचा नंबर आल्या दिवशीच घेऊन ठेवा. तातडीच्या मदतीसाठी ११२ हा नंबर सगळीकडे चालतो.

एक गोष्ट मात्र आपल्या मंडळींना सांगावी लागते. रात्री दहानंतर आवाज नाही, आणि जर्मनीत रविवारी दिवसभरही शांतता पाळतात. काचेच्या बाटल्या टाकायच्या डब्यात रविवारी बाटली टाकली तरी शेजारी नाराज होतात. व्हिडिओ कॉल गॅलरीत उभं राहून स्पीकरवर करायचा नाही. भारतात सकाळ झालेली असली तरीही!

## आपण गेलो की हेही गाव बिघडेल ना?

प्रामाणिक उत्तर: बिघडू शकतं. हालश्टाटही कधीतरी कोणाच्या तरी ‘माहीत नसलेल्या गावां’च्या यादीत असणार. पण दोन तासांचा पाहुणा आणि सहा रात्रींचा पाहुणा यांत फरक आहे. पहिला फोटो काढतो, पाण्याची बाटली घेतो, स्वच्छतागृह वापरतो आणि जातो. दुसरा रोज सकाळी त्याच बेकरीत पाव घेतो, मुक्कामाचा कर भरतो, रेल्वेच्या त्या फाट्यावर प्रवासी आहेत हे आकड्यांत दिसतं. शाळा त्यानं वाचत नाही, हे खरं. त्यासाठी माणसं राहायला यावी लागतात. बेकरी वाचू शकते.

याच कारणासाठी मी इथे वीस नावं दिली नाहीत. निकष दिलेत. त्यांवरून तुमचं गाव शेजाऱ्याच्या गावापेक्षा वेगळं निघालं, तर बरंच आहे.

## कधी जायचं?

मेचा उत्तरार्ध ते जून, किंवा सप्टेंबर. आपल्या शाळांच्या सुट्ट्यांत एप्रिल-मे येतो. एप्रिलमध्ये डोंगराळ गावांत थंडी आणि कधी बर्फही असतो, त्यामुळे नदीकाठचं किंवा दक्षिणेचं गाव निवडा. ऑगस्टमध्ये युरोप स्वतःच सुट्टीवर असतं. इटलीत १५ ऑगस्टच्या आसपास शहरातली दुकानं बंद आणि समुद्रकाठ तुडुंब. दिवाळीच्या सुट्टीत जायचं म्हणाल तर ऑक्टोबरचा शेवट चालेल, द्राक्षमळे पिवळे-तांबडे झालेले असतात. पण गुटाखच्या शेतघरांसारखी खुली संग्रहालयं नोव्हेंबरच्या सुरुवातीला बंद होतात, डोंगरावरच्या केबल कारची दुरुस्ती निघते, आणि ज्या खानावळीच्या भरवशावर घर बुक केलं तिच्या मालकीणबाई स्वतः सुट्टीला गेलेल्या असतात. तारखा ठरवण्याआधी त्यांना एक ईमेल टाका.